पुढे कार्बन, मागे अ‍ॅल्युमिनियम: स्वस्त कार्बन चाकांवर साताऱ्यात चौदा महिने

माझ्या माउंटन बाइकच्या ज्या कार्बन फायबरच्या चाकांविषयी हे लिहीत आहे, त्यांची जोडी मला आयात शुल्क आणि कुरिअरच्या खर्चासह ५८,४०० रुपयांना पडली. नावाजलेल्या अमेरिकी किंवा युरोपीय कंपन्यांच्या कार्बन चाकांसाठी याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात, म्हणून हिला परवडणारी म्हणायचे. एरवी एवढ्या पैशांत चांगल्यापैकी अख्खी सायकल येते आणि वर हेल्मेटही येते, हे घरच्यांनी मला पुरेशा वेळा सांगून झाले आहे. त्यांचे म्हणणे कितपत खरे होते, हे तपासायला चौदा महिने आणि सुमारे ३,२०० किलोमीटर लागले.

हे किलोमीटर कुठे झाले, ते आधी सांगितले पाहिजे, कारण पुण्यातल्या डांबरावर चाललेल्या चाकाचा निर्वाळा साताऱ्यात उपयोगाचा नाही. निम्म्याहून अधिक अंतर यवतेश्वरचा घाट, पेट्री आणि कास या वाटेवरचे, तिला दोन्ही बाजूंनी फुटणाऱ्या गाडीवाटांसह. उरलेले बहुतेक बोगद्यातून बाहेर पडून सज्जनगडाच्या फाट्यावरून ठोसेघरला आणि तिथून चाळकेवाडीच्या पठारावर, जिथे पवनचक्क्यांकडे जाणारे कच्चे रस्ते जांभ्याच्या सड्यावरून, म्हणजे सपाट उघड्या कातळावरून, जातात. वेळ थोडा असला, की अजिंक्यताऱ्याचा चढ. कासच्या पठारावर मी डांबर सोडत नाही. २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या त्या सड्यावर चार महिने फुले असोत किंवा आठ महिने नुसता कातळ असो, तिथली मातीची पापुद्र्यासारखी थर टायरखाली आली की परत लवकर जमत नाही.

सायकल अ‍ॅल्युमिनियमची हार्डटेल आहे, म्हणजे पुढे १२० मिलिमीटरचा सस्पेन्शन फोर्क आणि मागे काहीही नाही. माझे वजन ७० किलो. सायकल, पाणी, हत्यारे आणि बूट धरून रस्त्यावर ८६ किलो उतरतात. मागे सस्पेन्शन नसल्याने मागच्या चाकाला बसणारा धक्का टायर आणि रिंग यांनीच सोसायचा असतो, ही गोष्ट पुढच्या सगळ्या हकिकतीत ध्यानात ठेवावी.

रिंगा चीनमधल्या शियामेन शहरातील एका कारखान्याच्या आहेत. त्याचे नाव मी देणार नाही. एक तर त्या भागात अशा रिंगा बनवणारे बरेच आहेत आणि एकाच साच्यातला माल वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. दुसरे म्हणजे माझ्या जोडीतली एक रिंग तडकली, आणि एका गिऱ्हाइकाच्या एका रिंगेवरून कारखान्याला नावे ठेवणे मला रास्त वाटत नाही. रिंग २९ इंची, आतून ३० मिलिमीटर रुंद आणि कडेला टायर अडकवून धरणारा हुक नसलेली आहे. कडेचा हुक काढून टाकला, की तिथली भिंत जाड करता येते, साचाही सोपा होतो आणि दगडाचा मार सोसण्याची ताकद वाढते. माउंटन बाइकच्या टायरात हवेचा दाब मुळातच कमी असल्यामुळे हुक नसल्याने टायर सुटण्याची भीती रस्त्यावरच्या सायकलीइतकी राहत नाही. हब, म्हणजे चाकांचे मधले गाभे, डीटी स्विसचे ३५० जातीचे, पुढे ११० आणि मागे १४८ मिलिमीटर रुंदीचे, म्हणजे ज्याला सायकलवाले ‘बूस्ट’ म्हणतात ते. प्रत्येक चाकाला २८ तारा आणि तारांची निपले (तार रिंगेला आवळून धरणारे छोटे नट) पितळेची.

या पितळेबद्दल दोन शब्द लिहितो, कारण मागणी नोंदवताना निपले कोणत्या धातूची हवीत हा पर्याय विचारला जातो आणि हलकी म्हणून अ‍ॅल्युमिनियमची निवडण्याचा मोह होतो. कार्बनच्या तंतूंतून वीज वाहते. ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बन एकमेकांना चिकटून राहिले, तर बॅटरीत घडते तशीच क्रिया होऊन अ‍ॅल्युमिनियम झिजते, पांढरी भुकटी धरते आणि एके दिवशी निपल तारेवरच तुटते. यवतेश्वराच्या वर जून ते सप्टेंबर चाक कधी कोरडे होतच नाही. पितळेच्या ५६ निपलांनी जोडीचे वजन तीस-चाळीस ग्रॅमने वाढले असेल. तेवढे खुशाल वाढू द्यावे.

खोके आल्यावर मी चाके गल्लीतल्या वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर नेली. त्याने गुळाची ढेप बाजूला करून जागा दिली आणि सगळी वजने लिहून होईपर्यंत दुसरे गिऱ्हाईक थांबवून ठेवले, याबद्दल त्याचे ऋण मान्य केले पाहिजे. नवी जोडी १,६४० ग्रॅम भरली. सायकलसोबत आलेली जुनी जोडी २,२३० ग्रॅम. फरक ५९० ग्रॅमचा. हा आकडा ऐकून मित्र माना डोलावतात, पण मी जुनी चाके खोलून रिंगा सुट्या तोलल्या, तेव्हा जुनी रिंग ५६० ग्रॅमची निघाली आणि नवी ४१५ ग्रॅमच्या आसपासची आहे. म्हणजे दोन्ही चाकांत मिळून कार्बनने वाचवले ते २९० ग्रॅम. उरलेले ३०० ग्रॅम हलक्या हबांनी, मधल्या भागात बारीक केलेल्या तारांनी आणि ३२ ऐवजी २८ तारा वापरल्याने वाचले. हीच बचत अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगेतही करता येते, तिच्यासाठी कार्बन लागत नाही.

वजनाबद्दल सायकलवाल्यांत एक वाक्य फार चालते: चाकाचा एक ग्रॅम म्हणजे सायकलचे दोन ग्रॅम. ते अर्धे खरे आहे. रिंगेचे वजन चाकाच्या कडेला असते, ते पुढेही जाते आणि गोलही फिरते, आणि या दोन्ही गतींत सारखीच ऊर्जा साठते. म्हणून वेग वाढवताना तेवढे वजन दुप्पट भरते. पण घाटात एकाच वेगाने चढत असताना वेग वाढत नसतो. तिथे फक्त वर उचलायचे वजन मोजले जाते, आणि ते वजन रिंगेत आहे, हबात आहे की आदल्या रात्री खाल्लेल्या जेवणात आहे, याने काही फरक पडत नाही. ८६ किलोंत ५९० ग्रॅम म्हणजे पाऊण टक्क्याहूनही कमी. समर्थ मंदिरापासून यवतेश्वराच्या देवळापर्यंत मला साधारण ३२ मिनिटे लागतात. या हिशेबाने नव्या चाकांनी माझे १३ सेकंद वाचायला हवेत. मी दोन महिने वेळ टिपून ठेवली. आदल्या दिवशीची झोप, समोरून येणारा वारा आणि घाटात मध्येच उभी असलेली पर्यटकांची गाडी यांच्यापुढे ते १३ सेकंद कुठे गेले, ते मला सापडले नाहीत.

आणि तरीही पहिल्या दिवशी फरक जाणवला, तो चांगलाच जाणवला. गाडीवाटेवरच्या सुट्या खडीत टायर घसरेना, दगडांवरून हात हिसकेनात, उभे राहून पेडल मारले की सायकल लगेच पुढे सरके. मी या सगळ्याचे श्रेय कार्बनला देऊन मोकळा झालो आणि दोन-चार जणांना तसे सांगितलेही. ते सांगणे घाईचे होते. त्या दिवशी मी फक्त रिंग बदलली नव्हती. आधी ट्यूब होत्या आणि त्यांत ३५ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) हवा. आता ट्यूबलेस होते, आत भोके बुजवणारे पातळ सीलंट होते, आणि पुढे २० व मागे २४ पीएसआय हवा. आधीची रिंग आतून २३ मिलिमीटर होती, आता ३० झाली, त्यामुळे तोच २.३५ इंची टायर अधिक पसरून, कडा न दुमडता बसला. मागच्या हबाचे दातेही बदलले होते. जुन्यात पेडल मारल्यावर चाक पकडेपर्यंत १५ अंश रिकामे जात, नव्यात ३६ दात्यांची चकती असल्याने १० अंश जातात. दगडांच्या मधून हळू जाताना पेडलला अर्धा-अर्धा फेरा देत पुढे सरकावे लागते, तिथे हे पाच अंश पायाला लगेच कळतात. एवढ्या सगळ्यांत कार्बनचा वाटा कोणता, हे पहिल्या दिवशी सांगणे शक्यच नव्हते.

म्हणून डिसेंबरात एका मित्राची अ‍ॅल्युमिनियमची चाके मागून आणली. त्याच्या रिंगा माझ्याइतक्याच, आतून ३० मिलिमीटर रुंद. हबही त्याच मापाचे. टायर माझे, हवा माझ्या मोजमापाची, सीलंट तेवढेच. दोन रविवार मी चाळकेवाडीला एकाच रस्त्यावर फेऱ्या मारल्या: आधी माझी दोन्ही चाके, मग फक्त मागचे चाक मित्राचे, मग फक्त पुढचे मित्राचे. प्रत्येक बदलाला वीस मिनिटे जात, ब्रेकचे कॅलिपर पुन्हा जुळवावे लागत आणि पवनचक्कीच्या पायथ्याशी बसलेले रखवालदार हा काय उद्योग चालला आहे, म्हणून दोनदा चौकशीला आले. चाक कोणते लावले आहे, ते मला ठाऊक होते; त्यामुळे मनाचे खेळ पूर्णपणे वगळले गेले असा दावा मी करत नाही.

मागचे चाक बदलले, तेव्हा मला फरक सांगता आला नाही. तीन फेऱ्यांनंतरही नाही. हार्डटेलवर मागून येणारा धक्का इतका सरळ अंगात शिरतो, की रिंग किंचित ताठ आहे की मऊ आहे हे त्या गडबडीत हरवून जाते. तिथे हवेच्या दाबातला दोन पीएसआयचा फरक रिंगेच्या फरकाहून जास्त जाणवला.

पुढचे चाक बदलले आणि चित्र पालटले. चाळकेवाडीच्या सड्यावर एक जागा अशी आहे, की रस्ता उतरणीचा आहे, आडवा कललेला आहे, आणि जांभ्याचे बोटभर ते वीतभर उंचीचे कंगोरे वाटेला तिरपे आडवे येतात. अ‍ॅल्युमिनियमच्या चाकाने तिथे प्रत्येक कंगोऱ्याला पुढचा टायर थोडा खालच्या बाजूला ढकलला जाई आणि मग हँडलने तो परत वर आणावा लागे. कार्बनच्या चाकाने मी जिथे पाहत होतो तिथेच टायर जात राहिला. याचे कारण समजायला सोपे आहे. रिंग बाजूने जितकी ताठ, तितका एका जागी बसलेला धक्का अधिक तारांत वाटला जातो आणि चाक बाजूला कमी वाकते. उभे राहून चढताना जुन्या चाकात ब्रेकची चकती पॅडला घासून जी चिर्र-चिर्र ऐकू येत असे, तीही पुढच्या बाजूला थांबली.

या ताठपणाची दुसरी बाजूही आहे. मध्ये एकदा जुन्या सवयीने मी पुढे २८ पीएसआय हवा भरली. पेट्रीच्या पुढच्या उखडलेल्या डांबरावर तासाभरात तळहातांना मुंग्या आल्या. परत २० वर उतरल्यावर तक्रार राहिली नाही. ताठ रिंगेवर टायरनेच मऊ व्हायचे असते. म्हणून ज्यांना टायर दगडासारखा कडक भरायची सवय आहे, त्यांना ही चाके सुख देणार नाहीत, आणि कमी हवेत चालवायचे तर टायरची जातही मजबूत बाजूंची घ्यावी लागते. हलक्या टायरने वाचवलेले ग्रॅम इथे महागात पडतात.

मार्चमध्ये ते महागात पडणे मी प्रत्यक्ष पाहिले. आदल्या संध्याकाळी मागे २४ पीएसआय भरले होते. सकाळी निघताना गेज न लावता अंगठ्याने दाबून पाहिले आणि निघालो; व्हॉल्व्हच्या बुडाशी हवा हळूहळू जात होती, ते अंगठ्याला कळले नाही. ठोसेघर सोडून पठारावर पोहोचेपर्यंत मागे हवा किती उरली होती, देव जाणे. पवनचक्क्यांच्या एका उताराला वेग चांगला असताना मागचे चाक जांभ्याच्या कडेवर आदळले. आवाज दगड दगडावर आपटावा तसा कोरडा होता. मग सीलंटचा पांढरा फवारा थेट पाठीवर. थांबून पाहिले, तर रिंगेच्या कडेला चार सेंटिमीटर लांब, केसाएवढी बारीक चीर. सीलंट टायरचे भोक भरते, रिंगेची चीर भरत नाही. पिशवीत ट्यूब होती, ती घालून सपाटीपुरता चालवत आलो आणि उताराचा घाट दुधाचे कॅन घेऊन साताऱ्याला निघालेल्या एका पिकअपमध्ये बसून उतरलो.

चूक माझी होती, हे मान्य करूनही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तोच मार अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगेला बसता, तर बहुधा ती चेपली असती. अ‍ॅल्युमिनियम आधी वाकते, मग तुटते. वाकलेली कड पकडीने थोडी सरळ करून, ट्यूब घालून माणूस घरी पोहोचतो आणि कित्येकदा तीच रिंग पुढे वर्षभर चालवतो. कार्बन मात्र आपल्या मर्यादेपर्यंत काहीच दाखवत नाही. लहानसहान धक्क्यांनी त्याला पोचा पडत नाही, आउट, म्हणजे वाकडेपणा, येत नाही, आणि त्या बाबतीत ते अ‍ॅल्युमिनियमहून कितीतरी सरस आहे. पण मर्यादा ओलांडली, की थर एकमेकांपासून सुटतात किंवा तडा जातो, आणि मग दुरुस्ती नसते. शिवाय सगळेच तडे माझ्यासारखे दिसणारे नसतात. म्हणून प्रत्येक जोरदार धक्क्यानंतर टायर काढून रिंगेभोवती नाण्याने हलके ठोकत जाण्याची सवय मी लावून घेतली आहे. शाबूत जागी आवाज टणक येतो, थर सुटलेल्या जागी बसका. मडके विकत घेताना बाई जे करते, तेच.

कारखान्याने वॉरंटीत नाही, पण अपघाती मोडतोडीच्या योजनेत नवी रिंग अर्ध्या किमतीत दिली. पत्रव्यवहार नम्र होता, उत्तरे दोन दिवसांत येत होती. परंतु अर्धी किंमत म्हणजे अर्धा खर्च नव्हे. एका रिंगेचे खोके चाकाएवढेच मोठे असते, कुरिअर त्या आकाराचे पैसे लावते, आणि शुल्क वाहतुकीसकट आकारले जाते. सगळे मिळून नव्या रिंगेच्या मूळ किमतीच्या जवळपास पोहोचलो. त्यात आयातीच्या कागदपत्रांत ‘सुटा भाग’ आणि ‘चाक’ यांचा घोळ होऊन खोके तीन आठवडे अडकून पडले. स्वस्त कार्बन चाकाचे खरे मोल इथे कळते. देशात शाखा असलेल्या महाग कंपनीच्या किमतीत हा सगळा त्रास दुसऱ्याने सोसण्याचे पैसे धरलेले असतात.

खोके येईपर्यंत सायकल बंद ठेवणे शक्य नव्हते. राजवाड्याकडे सायकल दुरुस्तीचे एक जुने दुकान आहे, तिथल्या काकांकडे मी शाळेत असल्यापासून चाकाचा आउट काढायला जातो. कार्बनची चाके त्यांनी पहिल्यांदा पाहिली ती मी दोनशे किलोमीटरनंतर तारा तपासायला नेली तेव्हा. रिंगेवर टिचकी मारून ते म्हणाले, “ही तर बादलीगत वाजतीय.” मग तासभर काम करून झाल्यावर मात्र त्यांनी जे सांगितले, ते मी कुठल्याही माहितीपत्रकात वाचलेले नाही: “अ‍ॅल्युमिनियमची रिंग ऐकती. जिथं वाकडी, तिथली तार आवळली की येती सरळ. ही ऐकायची नाही. हिच्या सगळ्या तारा सारख्या ताणा, ती आपोआप सरळ राहती. ताण सारखा नसंल, तर कायबी करा.” ते तारा बोटाने छेडून स्वरावरून ताण ओळखतात. पुढे पुण्याला सायकल सर्व्हिसिंगला दिली, तेव्हा तिथे ताण मोजायच्या यंत्रावर तपासले. मागच्या चाकाच्या गिअरकडच्या बाजूला सरासरी ११५ किलोच्या आसपास ताण होता आणि दोन तारांतला फरक नगण्य. साताऱ्यात या चाकांचे काम करणारे कोणी नाही, अशी भीती ज्यांना वाटत असेल, त्यांच्यासाठी हे लिहिले. भीती तारांच्या कामाची नसावी, तारा मिळण्याची असावी: या मापाच्या, मधे बारीक केलेल्या तारा इथल्या दुकानांत मिळत नाहीत, म्हणून मागणी करतानाच प्रत्येक लांबीच्या चार-चार जादा मागवून ठेवाव्यात.

काकांनीच मागचा हब तडकलेल्या रिंगेतून सोडवून ३० मिलिमीटर रुंदीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगेत बसवला. रिंगेच्या आतल्या व्यासात फरक असल्याने जुन्या तारा दोन मिलिमीटरने आखूड पडल्या आणि नव्या घ्याव्या लागल्या. रिंग, तारा आणि मजुरी मिळून ८,९०० रुपये झाले. मागचे चाक ७५ ग्रॅमने जड झाले. पहिल्याच रविवारी यवतेश्वर, पेट्री, कास असा फेरा केला, आणि डिसेंबरातल्या त्या प्रयोगात जे झाले होते तेच पुन्हा झाले: मला फरक कळला नाही.

कार्बनची नवी रिंग मे महिन्यात आली. ती अजून खोक्यातच आहे.

पावसाळ्याबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे, आणि ते चांगले आहे. चार महिन्यांच्या तांबड्या चिखलात बेअरिंगांनी कुरकुर केली नाही. डीटी स्विसच्या या हबाची टोके हाताने ओढून निघतात, आतल्या दोन दातेरी चकत्या फडक्याने पुसून, ग्रीसचा पातळ हात फिरवून परत बसवता येतात. दर पंधरा दिवसांनी हे दहा मिनिटांत होत असे. उतारावर पेडल थांबवले, की हबचा कट-कट आवाज मोठा येतो, त्यामुळे कासच्या रस्त्यावर फोटो काढत उभे असलेले लोक आधीच बाजूला होतात. म्हशी होत नाहीत. रिंगेच्या आतली टेप मात्र पहिल्यांदा मी स्वतः लावली होती आणि ती एका जागी उचलली जाऊन सीलंट तारांच्या भोकांतून रिंगेच्या पोकळीत गेले. चाक फिरवले की आत पाणी खळखळावे तसा आवाज येऊ लागला, तेव्हा कळले. टेप लावण्याआधी रिंग स्पिरिटने पुसावी आणि टेप ताणूनच लावावी. सीलंट उन्हाळ्यात दीड-दोन महिन्यांत वाळते, ते पाहत राहावे लागते.

घ्यायची झाली, तर काय पाहावे? काळ्या रिंगेवर दिसणारी चौकटीची वीण म्हणजे मजबुती, असा एक समज आहे. ती वीण बहुतेक वेळा वरच्या थरापुरती असते. भार घेतात ते आतले एका दिशेचे, वेगवेगळ्या कोनांत रचलेले थर, आणि ते बाहेरून दिसत नाहीत. विक्रेत्याला आयएसओ ४२१० या सायकल सुरक्षेच्या मानकाप्रमाणे चाचणी झाली आहे का, मोडतोडीची योजना लेखी आहे का आणि चालवणाऱ्याच्या वजनाची मर्यादा किती आहे, हे विचारावे. ज्याला यांची सरळ उत्तरे देता येत नाहीत, त्याच्या रिंगेवर नामांकित कंपनीचे स्टिकर असले तरी दूर राहावे. किंबहुना पंधरा-सोळा हजारांत जोडी आणि वर मोठ्या कंपनीचे स्टिकर असेल, तर अधिकच दूर राहावे. आपल्या सायकलचा अ‍ॅक्सल, हबची रुंदी, गिअरच्या कॅसेटची (मागच्या दातेरी चक्रांच्या संचाची) जात आणि ब्रेकची चकती सहा स्क्रूंची आहे की मधल्या एका नटाची, हे चार तपशील कागदावर लिहून मगच मागणी द्यावी. माझ्या ओळखीच्या एकाने यातला तिसरा विसरून कॅसेटही नवी घेतली.

आज ज्यांची सायकल मूळच्या अरुंद रिंगांवर आणि ट्यूबवर चालते, त्यांनी कार्बनकडे पाहण्याआधी रुंद अ‍ॅल्युमिनियमची रिंग, ट्यूबलेस टायर आणि बरा हब घ्यावा. माझ्या हिशेबाने पहिल्या दिवशी मला जे सुख मिळाले, त्यातले बारा आणे यातच होते आणि ते निम्म्या पैशांत मिळते. ज्यांच्याकडे हे आधीच आहे, जे खडकाळ उतार मुद्दाम शोधत जातात आणि गेज लावल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत, त्यांनी पुढच्या चाकाला कार्बन जरूर लावावे. पुढची रिंग तीच आहे, चौदा महिन्यांत तिच्या एकाही तारेला पुन्हा पाना लावावा लागलेला नाही, आणि नाण्याचा आवाज अजून सगळीकडे टणक येतो.

मागच्या रिंगेच्या निमित्ताने कारखान्याशी पत्रव्यवहार चालू असताना मी सहज विचारले, की एकच रिंग विकत घेता येते का. तासाभरात उत्तर आले: येते, पहिल्यापासूनच येत होती, मागणीच्या पानावर संख्येच्या चौकटीत दोन ऐवजी एक लिहायचे असते.